कळ, संकेत आणि रूप : महाजालावरील मराठी लेखनासाठीच्या घटकरूप आज्ञावलीचा इतिहास (१९८८ ते २०१४)

सारांश

संगणकावर मराठी लिहिताना कोणती कळ दाबायची, त्या कळीने कोणता संकेत साठवायचा आणि तो संकेत पडद्यावर कोणत्या रूपात दाखवायचा, असे तीन वेगळे प्रश्न असतात. हे तीन प्रश्न एकत्र बांधायचे की सुटे ठेवायचे, या निर्णयावर मराठी मजकुराचे आयुष्य अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखात विकिमीडियाच्या ‘मिल्कशेक’ प्रकल्पातून २०१२ मध्ये आकारास आलेल्या जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या रचनेचा या दृष्टीने ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. मराठीविषयीचे ज्ञान आज्ञावलीच्या यंत्रणेपासून वेगळे ठेवणे हा या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. आणि वितरणाच्या टप्प्यावर सुटे घटक पुन्हा एकत्र बांधले गेले, ही तिची मर्यादा ठरली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मराठी संगणन, इस्की, युनिकोड, जावास्क्रिप्ट, घटकरूप रचना, विकिपीडिया

प्रस्तावना

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेली खराडी ही एकेकाळी हवेली तालुक्यातील शेतीवर जगणारी वस्ती होती. आज इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या इमारतींमुळे ती ओळखली जाते. या इमारतींत बसून संकेतस्थळे घडवणारा अभियंता प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांचे संग्रह, म्हणजे लायब्ररी, तो एकमेकांस जोडतो. अशा संग्रहाची रचना हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय आहे, असा आपल्या महाविद्यालयांत सर्वसाधारण समज आहे. भाषा आणि इतिहास शिकवणाऱ्या अध्यापकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उद्भवतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांसाठी मराठी शोधनिबंध पाठवताना ‘अमुक फॉन्टमध्येच पाठवावा’ अशी अट आपण वर्षानुवर्षे पाळली आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आपलाच निबंध उघडला की रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गोंधळ दिसतो, हेही आपण पाहिले आहे. लिहिलेले मराठी दहा वर्षांनी वाचता येईल काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाच आहे. त्याचे उत्तर ज्या रचनात्मक निर्णयांनी दिले, त्यांचा इतिहास पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मुक्तपणे उपलब्ध असलेली संहिता व प्रकल्पाची प्रसिद्ध माहिती यांच्या वाचनावर भर दिला आहे.

पूर्वपीठिका : एकदा सुटलेली गाठ आणि पुन्हा पडलेली गाठ

भारतीय लिप्यांच्या संगणनाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून जातो. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा यांच्या पुढाकाराने देवनागरी संगणनाचे काम झाले. त्या कामाशी निगडित असलेले मोहन तांबे पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेत आले आणि ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचा विकास तेथे सुरू राहिला. याच काळात भारतीय लिप्यांसाठीचे सामायिक संकेतन सिद्ध झाले. ‘इस्की’ या नावाने ओळखले जाणारे हे संकेतन भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले (आयएस १३१९४ : १९९१).

इस्कीमागील मूळ विचार आजही मननीय आहे. भारतीय लिप्यांची बाह्य रूपे भिन्न असली तरी त्यांची वर्णव्यवस्था बव्हंशी समान आहे. म्हणून साठवायचा तो वर्ण. त्याचे जोडाक्षरात काय रूप होईल, हे दाखवणाऱ्या यंत्रणेने ठरवावे. ‘क’ चा संकेत एकच. तो ‘क्य’ मध्ये अर्धा दिसतो आणि ‘क्ष’ मध्ये ओळखूही येत नाही, ही बाब रूपाची आहे, संकेताची नव्हे. इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणीही याच वर्णव्यवस्थेवर आधारलेली होती. अशा रीतीने कळ, संकेत आणि रूप या तीन गोष्टी तत्त्वतः वेगळ्या झाल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेला होता, ही गोष्ट या विचाराचे मोल सांगण्यास पुरेशी आहे.

तथापि व्यवहारात उलटे घडले. १९९० च्या दशकात विंडोज प्रणाली घरोघरी व छपाईच्या दुकानांत पोहोचली, पण जोडाक्षरे घडवण्याची क्षमता तिच्यात नव्हती. तेव्हा अक्षरांचे तुकडेच रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले फॉन्ट प्रचारात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ अशी त्यांची नावे आपल्या परिचयाची आहेत. विंडोजसाठी सीडॅकलाही ‘सुरेख’, ‘योगेश’ यांसारखे याच जातीचे फॉन्ट द्यावे लागले. या फॉन्टांनी मराठी छपाईची मोठी सोय केली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांत संकेत आणि रूप यांची पुन्हा घट्ट गाठ पडली. साठवलेला मजकूर हा ‘मराठी’ उरला नाही. तो विशिष्ट फॉन्टच्या तुकड्यांची यादी झाला. फॉन्ट बदलला की मजकूरच नाहीसा, अशी ही अवस्था होती.

महाजालावरील मराठी आणि पानातला कळफलक

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड वापरता येऊ लागले. परंतु त्यानंतर आलेल्या विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय स्वतंत्रपणे स्थापित करावी लागे. सायबर कॅफेत, कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसास तो अधिकार बहुधा नसे. संकेत मिळाला, पण कळ मिळाली नाही, असा हा पेच होता.

मराठी संकेतस्थळांनी यावर स्वतःच तोड काढली. ‘मायबोली’ १९९६ पासून चालू होती. २००० नंतरच्या दशकात ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’ अशी लेखनस्थळे उभी राहिली. कळफलक संगणकात नसेल तर तो पानातच द्यावा, ही कल्पना या काळात रुजली. वाचकाने रोमन कळ दाबली की पानाबरोबर आलेली जावास्क्रिप्ट आज्ञावली ती अडवी आणि तेथे देवनागरी वर्ण ठेवी. ‘गमभन’ ही अशी सुविधा अनेक संकेतस्थळांनी आपल्या लेखनाच्या चौकटीत बसवली. संगणकाच्या मालकाची परवानगी न मागता मराठी लिहिता येऊ लागले, हे या छोट्या आज्ञावलीचे ऐतिहासिक कार्य होय.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासमोरही हाच प्रश्न होता आणि तो मराठीपुरता मर्यादित नव्हता. मलयाळम विकिपीडियावरील स्वयंसेवकांच्या प्रयत्नांतून ‘नारायम’ हा टंकलेखनाचा विस्तार तयार झाला. २०११ च्या अखेरीस भारतीय भाषांतील विकींवर ‘वेबफॉन्ट्स’ हा दुसरा विस्तार आला. वाचकाकडे फॉन्ट नसल्यास तो पानाबरोबर पाठवणे हे त्याचे काम. पहिला विस्तार कळ पुरवी, दुसरा रूप. परंतु दोन्ही विस्तार मीडियाविकी या प्रणालीत खोलवर गुंतलेले होते. विकिपीडियाबाहेरच्या एखाद्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळास ते उचलून वापरता येत नसत.

‘मिल्कशेक’ : चार सुटे घटक

२०१२ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानच्या भाषा अभियांत्रिकी चमूने हे गुंतलेले धागे सोडवण्याचे काम हाती घेतले. त्यात संतोष तोट्टिंगल यांचा वाटा मोठा होता. ‘मिल्कशेक’ असे नाव दिलेल्या या प्रकल्पातून चार स्वतंत्र लायब्ररी निघाल्या : टंकलेखनासाठी जेक्वेरी-आयएमई, फॉन्ट पुरवण्यासाठी जेक्वेरी-वेबफॉन्ट्स, संकेतस्थळावरील सूचना व संदेशांच्या अनुवादासाठी जेक्वेरी-आयएटीनएन आणि भाषा निवडण्यासाठी जेक्वेरी-यूएलएस. याच सुमारास, २०१२ व २०१३ मध्ये, पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयात मुक्त भाषातंत्रज्ञानाविषयी परिषदा झाल्या आणि फॉन्ट, कळफलक व अनुवाद यांवर काम करणारे लोक तेथे एकत्र आले.

या रचनेतील निर्णय समजण्यासाठी तत्कालीन जागतिक पार्श्वभूमी थोडक्यात पाहावी लागेल. जावास्क्रिप्टमध्ये त्या वेळी आज्ञावलीचे घटक जोडण्याची अंगभूत व्यवस्था नव्हती; ती भाषेच्या मानकात २०१५ मध्ये आली. तोवर दोन प्रवाह होते. ‘प्रोटोटाइप’ (२००५) आणि ‘मूटूल्स’ (२००६) या लायब्ररी जावास्क्रिप्टच्या मूळ वस्तूंमध्येच नवे गुण घालीत. वापरण्यास हे सुटसुटीत होते; मूटूल्समध्ये हवे तेवढेच घटक निवडून घेण्याचीही सोय होती. परंतु मूळ वस्तूस हात लावण्याची किंमत फार पुढे चुकवावी लागली. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या मानकात ‘फ्लॅटन’ ही नवी क्रिया घालण्याचे ठरले, तेव्हा त्याच नावाची मूटूल्सची क्रिया वापरणारी जुनी संकेतस्थळे मोडतील असे दिसून आले. अखेर मानकालाच नाव बदलून ‘फ्लॅट’ करावे लागले. एका लायब्ररीचा बारा वर्षांपूर्वीचा निर्णय साऱ्या भाषेस बांधून गेला.

२००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीने दुसरा मार्ग धरला. मूळ वस्तूंना हात न लावता आपल्या एकाच नावाखाली सर्व क्रिया ठेवायच्या आणि इतरांनी आपापले घटक त्या नावास जोडायचे, अशी तिची पद्धत होती. मीडियाविकीत जेक्वेरी आधीच रुजली होती. मिल्कशेकच्या कर्त्यांनी तिचाच आधार घेतला. त्यामुळे मीडियाविकी नसलेल्या, पण जेक्वेरी असलेल्या कोणत्याही संकेतस्थळास हे घटक खुले झाले. एका मोठ्या अवलंबनाच्या जागी त्यांनी तुलनेने हलके अवलंबन स्वीकारले.

यंत्रणा वेगळी, भाषा वेगळी

जेक्वेरी-आयएमईच्या रचनेतील मर्म मात्र याहून खोल आहे. या लायब्ररीच्या गाभ्यास मराठी येत नाही. कोणतीच भाषा येत नाही. लेखनाच्या चौकटीत कळ दाबली गेली की तो गाभा लेखनबिंदूच्या मागील काही वर्ण वाचतो, नियमांच्या यादीत जुळणारा पहिला नियम शोधतो आणि त्या नियमाप्रमाणे वर्ण बदलतो. एवढेच त्याचे काम. मराठीचे सर्व ज्ञान वेगळ्या नियमसंचिकेत असते. मागील किती वर्ण पाहायचे हे ती संचिकाच सांगते. मराठीसाठी उच्चारानुसारी लिप्यंतर, इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट २ अशा निरनिराळ्या संचिका आहेत. सर्व भाषा मिळून अशा पद्धतींची संख्या शंभराहून अधिक आहे.

उच्चारानुसारी पद्धतीचे उदाहरण घेऊ. रोमन ‘के’ ची कळ दाबली की ‘क्’ उमटतो. पाठोपाठ ‘ए’ ची कळ आली की हलन्तचिन्ह गळून ‘क’ उरतो. व्याकरणात आपण व्यंजन पाय मोडके मानतो आणि स्वर मिळाल्यावर ते पूर्ण होते असे शिकवतो. तोच सिद्धान्त येथे दोन ओळींच्या नियमात उतरला आहे. नियमांचा क्रमही अर्थपूर्ण असतो, कारण पहिला जुळणारा नियम लागू होतो. ‘ख’ साठीचा विशेष नियम ‘क’ नंतर ‘ह’ अशा सामान्य नियमाच्या आधी नसेल तर ‘क्ह’ उमटेल. अपवाद आधी, उत्सर्ग नंतर अशी ही शिस्त आहे.

या विभागणीचा लाभ मराठीच्या खास गरजांच्या बाबतीत स्पष्ट होतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत केवळ ‘र’ च्या रूपाचा भेद आहे, पण अर्थ निराळे आहेत. हिंदीस हा भेद लागत नाही. मराठीस त्यासाठी स्वतंत्र नियम लागतो. ‘ॲ’ या वर्णाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मधील ५.१ आवृत्तीत. तोवर ‘अ’ वर चंद्र देऊन तो लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांस सारखी, पण संकेत भिन्न. एकाने शोधले तर दुसरे सापडणार नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेविषयी धोरण ठरवून दिले. असे धोरण कळफलकापर्यंत पोहोचवायचे तर जुन्या पद्धतीत फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीची मनधरणी करावी लागली असती. नियमसंचिका वेगळी असली की त्यासाठी एक ओळ बदलावी लागते, आणि ती ओळ कोणती असावी हे मराठी जाणणारा माणूस सांगू शकतो. त्यास गाभ्यातील संहिता वाचता येण्याची गरज नाही.

दुसरा निर्णय भाराचा होता. सर्व भाषांचे नियम प्रत्येक वाचकास पाठवणे अव्यवहार्य होते. म्हणून लायब्ररीत आरंभी केवळ पद्धतींची सूची असते. वाचकाने मराठी निवडल्यावर मराठीची संचिका मागवली जाते. मंद जोडणीवर काम करणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा होता. लहान भाषांनाही त्याचा आधार मिळाला, कारण त्यांचा समावेश केल्याने इतरांवर भार पडत नव्हता.

‘खराडीत’ आणि ‘पुणेत’

संदेशांच्या अनुवादासाठीची जेक्वेरी-आयएटीनएन ही लायब्ररी याच तत्त्वावर उभी आहे. वाक्याचे तुकडे आज्ञावलीत जोडण्याऐवजी संपूर्ण वाक्य अनुवादकाच्या हाती द्यायचे, बदलत्या शब्दासाठी जागा मोकळी ठेवायची, आणि वचन, लिंग व व्याकरण यांसाठी वाक्यातच खुणा करण्याची सोय द्यायची, असा तिचा संकेत आहे. इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेली तुकड्यांची जोडणी मराठीत हटकून बिघडते, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि ते लिंगवचनानुसार बदलते.

मात्र येथे एक मर्यादाही दिसते. मोकळ्या जागेत येणाऱ्या स्थलनामास ‘त’ हा प्रत्यय सरळ जोडला तर ‘खराडीत’ हे रूप बिनचूक होते. परंतु ‘पुणे’ चे ‘पुणेत’ होते, ‘कोल्हापूर’ चे ‘कोल्हापूरत’ आणि ‘सातारा’ चे ‘सातारात’. मराठीत प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते : पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात. व्याकरणाची खूण करण्याची जागा लायब्ररीत आहे. पण त्या जागेत भरावयाचे सामान्यरूपाचे नियम कोणी तरी लिहिले पाहिजेत. ते नसतील तेथे अनुवादकास ‘पुणे या ठिकाणी’ अशी वळणे घ्यावी लागतात. सुटा घटक भाषेसाठी दार उघडतो, पण आत जाण्याचे काम भाषेच्या जाणकारांचेच असते. मराठीच्या पडद्यावरील भाषेत ‘येथे’, ‘यांचे’, ‘या सदस्याने’ अशा रचना पुनःपुन्हा आढळतात. त्यांमागे अनुवादकाचा आळस नसून ही रिकामी राहिलेली जागा आहे, हे भाषा-अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

२०१४ ची कसोटी

२०१३ च्या मध्यास विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर यूएलएस हा विस्तार टप्प्याटप्प्याने लागू झाला. नारायम आणि वेबफॉन्ट्स या दोन्हींची जागा त्याने घेतली. चार सुट्या लायब्ररी आता वाचकापर्यंत एकाच गाठोड्यातून पोहोचू लागल्या. या गाठोड्याचा परिणाम लवकरच दिसला. पानाबरोबर फॉन्ट पाठवण्यामुळे काही विकींवरील पाने उघडण्यास विलंब होत असल्याचे तांत्रिक चमूच्या निदर्शनास आले आणि २१ जानेवारी २०१४ रोजी हा विस्तार बंद करण्यात आला. सदस्यखाते असलेल्यांना तो पुन्हा चालू करण्याची पसंती तात्पुरती ठेवण्यात आली.

या घटनेत रचनेचे बळ आणि दौर्बल्य दोन्ही एकाच वेळी प्रकट झाले. दोष फॉन्टच्या घटकात होता. कळफलकाच्या घटकाने काहीही बिघडवले नव्हते. तरीही गाठोडे एक असल्यामुळे, जेथे ते बंद झाले तेथे फॉन्टबरोबर कळफलकही दूर गेला. खाते न उघडता आपल्या भाषेत चार ओळी लिहू पाहणारा नवखा वाचक यात सर्वाधिक नाडला जाणे क्रमप्राप्त होते. संहितेत साधलेले वेगळेपण वितरणात पाळले गेले नाही, तर ते ऐन वेळी उपयोगी पडत नाही, हा यातील धडा होय.

पुढचा टप्पा मात्र सुट्या रचनेमुळेच सुलभ झाला. काही आठवड्यांनी विस्तार पुन्हा चालू करताना फॉन्ट पाठवण्यासाठी स्वतंत्र चौकोनी खूण ठेवण्यात आली आणि ती मुळात बंद ठेवली गेली. ज्यास हवे त्याने ती चालू करावी. तोवर बहुतेक नव्या संगणकांत देवनागरी युनिकोड फॉन्ट असत. म्हणून रूपाची गरज ओसरली होती, कळीची नव्हती. गरज बदलली तसा एक घटक मागे सारता आला आणि दुसरा जागेवर राहिला. नारायमसारखा प्रणालीत गुंतलेला विस्तार असता तर हे इतके सहज झाले नसते.

जेक्वेरीचा आधार हाही कालांतराने भार ठरला. ब्राउझर सुधारले आणि नवी संकेतस्थळे जेक्वेरीविना बनू लागली. अनुवादाच्या लायब्ररीसाठी पुढे ‘बनाना-आयएटीनएन’ ही जेक्वेरीवर न विसंबणारी संहिता लिहिली गेली. लक्षणीय बाब ही की अनुवादित संदेशांचे स्वरूप तेच राहिले. यंत्रणा बदलली, पण मराठी अनुवादकांचे श्रम वाया गेले नाहीत. १९९० च्या दशकातील फॉन्ट बदलल्यावर मजकूरच नष्ट होई. त्या अनुभवाशी तुलना करता हा फरक किती मूलभूत आहे, हे सहज लक्षात येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कळ, संकेत आणि रूप यांचे पृथक्करण हा मराठी संगणनातील कळीचा विचार असून इस्कीत तो स्पष्टपणे मांडला गेला होता. विकिमीडियाच्या लायब्ररींनी तो महाजालाच्या पानावर पुन्हा प्रत्यक्षात आणला.

२. भाषेचे ज्ञान यंत्रणेपासून वेगळे ठेवल्यामुळे ते भाषेच्या जाणकारांना तपासता, दुरुस्त करता आणि नव्या यंत्रणेत नेता येते. घटकरूप रचनेचा सर्वांत टिकाऊ लाभ हाच आहे.

३. सुटे घटक पुन्हा एकाच गाठोड्यात बांधले गेले की एका घटकाच्या दोषाची शिक्षा दुसऱ्यास भोगावी लागते. २०१४ ची घटना याची साक्ष देते.

४. सामान्यरूपासारखे प्रश्न तंत्रज्ञानाच्या अभावामुळे नव्हे, तर उपलब्ध जागेत व्याकरण भरणाऱ्या मनुष्यबळाच्या अभावामुळे शिल्लक राहतात.

शेवटचा मुद्दा आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. नियमसंचिका आणि संदेशांचे अनुवाद कोणासही पाहण्यास व सुधारण्यास खुले आहेत. खराडीतील अभियंत्यास यंत्रणा ठाऊक असते, पण ‘साताऱ्यात’ मधील ‘ऱ्य’ कोठून आला हे त्यास सांगणारा कोणी हवा असतो. ते सांगू शकणारा मराठीचा अध्यापक त्याच परिसरातील महाविद्यालयात असतो आणि त्या संचिका अस्तित्वात आहेत हेच त्यास ठाऊक नसते. या दोघांची गाठ पडण्याची सोय आपल्या अभ्यासक्रमांत आणि प्रकल्पकार्यात करणे, हे काम आता महाविद्यालयांनी अंगावर घ्यावयास हवे.